सण शिकवायचे नसतात

"शाळेत नाही घातलंत, ते एक वेळ ठीक. पण मग पोरांना आपले सणवार कळणार कसे?"

गेल्या गौरी-गणपतीपासून हे वाक्य मी निदान चार जणांकडून ऐकलं आहे. ठाण्याच्या वन्संनी फोनवर ऐकवलं, नाशिकच्या भाऊजींनी भर पंगतीत ऐकवलं, आणि उरलेल्या दोघांनी लेकीला न सांगता मला बाजूला घेऊन ऐकवलं. ही सगळी मंडळी माझं लिखाण वाचतात हे मला ठाऊक आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून आज बसले आहे. आधीच सांगते, हे लिखाण भांडणाचं आहे. आणि भांडण दोन्हीकडचं आहे, त्यामुळे माझ्या लेकीने आणि जावयांनीही फार खूष होऊन वाचायला घेऊ नये!

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझी धाकटी लेक बोईसरला राहते. तिचा मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलांना शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. लोक याला होमस्कूलिंग म्हणतात, मी घरशाळा म्हणते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तसाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही रस्ता आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचं नावच नाही, त्यामुळे कुणी धाक घालतं, कुणी धीर देतं. पण त्या वादात मी आज शिरत नाही. गणित, इंग्रजी, नोकरी, स्पर्धा हेही सगळं बाजूला ठेवू. आज फक्त सण. कारण जूनपासून मुलांना परत शाळेत घालावं की काय, असा विचार जावयांच्या मनात घोळू लागला आहे, आणि त्यामागे हेच एक वाक्य आहे.

तर मला सांगा, शाळेत सण कळतो म्हणजे नक्की काय कळतं?

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, तेव्हा हे मला बाहेरच्या कुणी सांगायला नको. गोकुळाष्टमी रविवारी आली की शाळेची दहीहंडी शनिवारी सकाळी. हंडी इतकी खाली बांधलेली की गोविंदाने हात वर केला तरी पुरे. दसऱ्याला घोटीव कागदाची आपट्याची पानं. दिवाळी असते सहामाही संपल्यावर, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, आणि तिच्यात दिवा लावायचा नसतो, कारण आग. दहा मुलं भाड्याचे कपडे घालून स्टेजवर उभी, चारशे मुलं खाली मांडी घालून बसलेली. बाई टाळ्या वाजवा म्हणाल्या की टाळ्या, बाई गप्प बसा म्हणाल्या की गप्प. झाला सण! यात शिक्षकांचा दोष नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा म्हणजे त्यांना चुलीपासून, सुरीपासून, पाण्यापासून आणि चिखलापासून लांब ठेवावंच लागतं. पण आपला कुठलाही सण घ्या, तो चूल, सुरी, पाणी आणि चिखल यांचाच तर बनलेला असतो.

खरं म्हणजे शाळा सणाला एकच खरी गोष्ट देते, ती म्हणजे सुट्टी. सुट्टी म्हणजे तरी काय? "जा बाळांनो, घरी जा, सण तिकडे आहे" असं शाळा स्वतःच सांगते. मग सण शाळेत कळतो हे आपण कुठून काढलं?

आणि ही सुट्टी तरी कुणाच्या सणाला मिळते? आपल्या पालघर जिल्ह्याचंच बघा. डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे पंधरा दिवस चालते. डोंगराच्या सुळक्यावर रात्री ध्वज चढतो. या भागातल्या आदिवासींची ही मोठी जत्रा. नवस फेडायचे, पाहुणे भेटायचे, आणि पावसाळ्याची बेगमी, म्हणजे सुकी मासळी, मसाला, टोपल्या, तिथूनच घरी न्यायची. जत्रा येते एप्रिलच्या आसपास, आणि नेमक्या त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा. मग वर्गातली आदिवासी मुलं चार दिवस दिसत नाहीत आणि स्टाफरूममध्ये चर्चा सुरू होते की यांच्या पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. परीक्षा चार दिवस पुढे-मागे करता येणार नाही का, असं एका शाळेत मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "बाई, वेळापत्रक वरून येतं." वरून म्हणजे जिथे महालक्ष्मीचा डोंगर दिसत नाही अशा ठिकाणाहून.

त्याच शाळेच्या कुंपणावर मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वारली चित्रं! ही चित्रं मुळात लग्नघरातली. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहीत, त्यात पालघट देवी असे, आणि तो चौक हा लग्नाच्या विधीचाच भाग होता. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण मी कोण सांगणार! माझा प्रश्न वेगळा आहे. कुंपणावरच्या त्या चित्रात नाचणाऱ्यांच्या मधोमध एक माणूस तारपा वाजवत असतो. तारपा सुकवलेल्या दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा करतात, त्याला पुढे ताडाच्या पानाचा कर्णा असतो, आणि भात तयार होऊन कापणीला येण्याच्या सुमारास त्याचे सूर पाड्यापाड्यांतून ऐकू येऊ लागतात. रोज ते चित्र ओलांडून आत जाणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? सण भिंतीवर रंगवून घेतला आणि मुलं परीक्षेला बसवली, असा हा व्यवहार आहे.

कुणी म्हणेल, शाळा म्हटली की असंच असणार. अजिबात नाही. याच जिल्ह्यात, बोईसरपासून गाडीने तासा-दीड तासावर, याच्या बरोबर उलट घडलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांच्या नावाने बोटं मोडली नाहीत. मुलं पाड्यावर होती, तेव्हा पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरवला. गुरं राखायला कुरणात गेली, तेव्हा कुरणात शाळा नेली. तिचं नावच कुरणशाळा. मुलाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही, शिक्षणाने त्या कामापाशी जायचं, हा त्यातला मुद्दा. तिकडे शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा आणि श्रीनिकेतनात नांगरणीचा उत्सव सुरू केला. पाऊस आला की शाळेचा सण, आणि सणात खरं रोप आणि खरा नांगर. तेव्हा शाळांना हे जमतच नाही असं नाही. ताराबाई-अनुताईंच्या जिल्ह्यात ते आपण चालू ठेवलं नाही, एवढंच.

आता वन्सं, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. घरी राहून ही मुलं सण कशी शिकतात, तर ऐका.

पालघरपासून सातपाटी काही फार लांब नाही. मासेमारीला सरकारी बंदी असते १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणांनी. आणि कोळ्यांची जुनी रीत अशी की नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मग होड्या लोटायच्या. एरवी या दोन तारखांत फार अंतर पडत नाही. पण २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला! बंदी उठून महिना झालेला, पण नारळ वाहायचा बाकी. नातवाने कॅलेंडरवर हे पाहिलं आणि असं कसं म्हणून डोकं खाल्लं. त्याला सातपाटीला नेलं. धक्क्यावर एका वयस्क तांडेलाशी त्याने अर्धा तास गप्पा मारल्या, जाळी बघितली, लहान पापलेट जाळ्यात आलं तर पुढच्या वर्षी मोठं कुठून मिळणार हे ऐकलं. त्याच वर्षी सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. घरी आल्यावर आम्ही हिशोब मांडला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं, दरसाल अकरा दिवस मागे, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा तरी शिकवलं आहे. पण कुणाला तरी त्याची गरज आहे, कुणाची तरी होडी त्यावर थांबली आहे किंवा निघाली आहे, हे फळ्यावर दिसत नाही.

किंवा वसुबारस घ्या. आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी इथल्या डोंगरपट्ट्यात वाघबारस असते, वाघदेवाची पूजा. एकाच तिथीला खाली गाय आणि वर वाघ! का, असं नातीने विचारलं. मी तिलाच विचारलं, "तुझी गुरं रानात चरत असती तर तू कुणाला नमस्कार केला असतास?" पोरीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "दोघांना." यावर मी आणखी काही शिकवायची गरज होती का, सांगा.

इथपर्यंत वाचून माझी लेक खुषीत आली असेल. आता तिची पाळी.

घरशाळावाल्या आईबापांची एक खोड आहे. मुलाला शाळेतून काढतात आणि शाळा मात्र घरात आणून ठेवतात. गेल्या दिवाळीत मी बोईसरला गेले तर भिंतीवर तक्ता! मधोमध पणती काढलेली, तिच्यातून बाण निघालेले. दिवाळीचा इतिहास, दिवाळीचा भूगोल, दिवाळीचं गणित, दिवाळीचं विज्ञान. मुलांनी प्रत्येक बाणाखाली पाच ओळी लिहायच्या, चित्र चिकटवायचं, आणि त्याचा फोटो इतर घरशाळावाल्यांना पाठवायचा. नात मला हळूच विचारते, "आजी, हे पूर्ण झालं की करंजी मिळणार का?" माझ्या जिवाला काय वाटलं ते माझं मला ठाऊक. अगं, शाळेत निदान घंटा झाल्यावर सुटका होते! इथे आईच बाई आणि दिवाळी हाच गृहपाठ. मग मुलाने पळायचं कुठे?

दुसरी खोड तर आणखी मजेशीर. परदेशातल्या घरशाळावाल्या कुटुंबांचं वाचून आपल्याकडच्या आया ऑक्टोबरात 'पानगळीचा सण' करतात. नारिंगी कागदाची पानं कापून खिडकीला लावतात. तिकडे अमेरिकेत, युरोपात त्या महिन्यात खरोखर पानं रंग बदलतात, त्यांचं बरोबर आहे. पण बोईसरच्या खिडकीबाहेर ऑक्टोबरात काय असतं? हळवं भात पिवळं होऊन वाकलेलं असतं, गरवं अजून हिरवं असतं, उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा आपल्याकडे होळी असते. गळलेली पानं, वाळकी लाकडं, गावाची सफाई, सगळं त्या होळीत. म्हणजे पानगळीचा सण आपल्याकडे आहेच की! तो कागद कापून करायची वेळ का यावी?

माझं म्हणणं दोन्ही बाजूंना एकच आहे. सण शिकवायचा नसतो, सणात मुलाला काम द्यायचं असतं. आणि काम म्हणजे हाताला चाळा नव्हे. ते मूल आलं नाही तर सण अडला पाहिजे, असं काम. आमच्या लहानपणी गणपतीची पत्री आणायचं काम मुलांचं होतं. आघाडा, दुर्वा, माका, शमी, जे ज्या बांधावर मिळेल तिथून. पत्री आली नाही तर पूजा थांबायची, आणि भटजी व आजोबा दोघंही दारात उभे राहायचे. त्या धाकाने आम्ही जेवढी झाडं ओळखायला शिकलो तेवढी पुढे कुठल्या पुस्तकाने शिकवली नाहीत. बोईसरच्या रस्त्यांच्या कडेला आणि कारखान्यांच्या कुंपणाशी भाद्रपदात आघाडा अजूनही उगवतो. नातवाला सांगा, आणेल.

थंडीत वालपापडी आणि कंद आले की आपल्या पट्ट्यात उकडहंडी लागते. तिला पापडी निवडायची, शिरा काढायच्या, किडकी बाजूला करायची. दहा हात असले तरी कमीच. सात वर्षांच्या मुलीला हे पुरतं जमतं. तिने निवडलेल्या पापडीत कीड निघाली तर सगळ्यांनी तिच्याकडे बघावं, आणि हंडी फर्मास झाली तरी तिच्याकडेच बघावं. यापेक्षा मोठी परीक्षा आणि मोठा निकाल मला माहीत नाही. तक्त्यावरचा बाण चुकला तर कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणूनच मुलाला तो कंटाळवाणा वाटतो.

आता भाऊजींचा आक्षेप, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ते म्हणाले, "सगळं मान्य. पण चौघांचं कुटुंब, त्यात दोन पोरं. त्यांनी नाचायचं कुणाबरोबर?" भाऊजी, अगदी बरोबर बोललात. दोघांचा भोंडला होत नाही. चौघांचा थर लागत नाही. तारप्याभोवतीचा फेर तर एकमेकांच्या कमरेत हात घातल्याशिवाय उभाच राहत नाही. शाळेतला सण कितीही खोटा असला तरी तिथे चारशे पोरं एका जागी असतात, ही शाळेची बाजू मी खोडून काढू शकत नाही आणि काढणारही नाही. घरशाळेतल्या कुटुंबाने दार लावून, चौघांतच, छानपैकी रांगोळी काढून सण साजरा केला, तर मी वन्संच्या बाजूने उभी राहीन. शाळा सोडली म्हणजे चारशे पोरांचा तयार मेळा सोडला. तो भरून काढायची जबाबदारी आता आईबापांची. ती जमणार नसेल तर खुशाल शाळेत घाला, मी अवाक्षर काढणार नाही.

पण ती जमते. बोईसरसारख्या ठिकाणी तर सहज जमते. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली, आणि देशभरातून माणसं इथे येऊन राहिली. लेकीच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिहारचं कुटुंब आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी त्यांची छठ. प्रसादाचा ठेकुआ ज्या गव्हाचा करतात तो गहू धुऊन गच्चीवर वाळत घालतात, आणि त्याला पाखराने चोच लावलेली चालत नाही. त्यामुळे गहू वाळेपर्यंत कुणीतरी राखण बसावं लागतं. त्या काकूंची दोन्ही मुलं त्या वेळी शाळेत होती! मग राखण कुणी केली? माझ्या नातवंडांनी. सकाळपासून दुपारपर्यंत, हातात काठी घेऊन, आळीपाळीने. दुसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याच्या अर्घ्याला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उगवत्याच्या अर्घ्याला काकू त्यांना आपल्या पोरांसारखं बरोबर घेऊन गेल्या. सूर्य मावळतानाही त्याला नमस्कार करतात, हे त्यांनी पाण्याकाठी उभं राहून पाहिलं. आता सांगा, ही मुलं एकटी पडली का?

एक पथ्य मात्र पाळायचं. दुसऱ्याच्या सणात बघे म्हणून जायचं नाही. हल्ली मुंबईहून गाड्या भरभरून लोक 'आदिवासी संस्कृती दाखवायला' मुलांना घेऊन येतात. फेरात घुसून फोटो काढतात, वाजवणाऱ्याला पुन्हा वाजवायला लावतात, आणि जेवायला हॉटेलात जातात. लेकीला मी स्पष्ट सांगितलं आहे, पाड्यावर कुणी ओळखीचं असेल, कुणी बोलावलं असेल, तरच जा. आणि गेल्यावर आधी विचार, काय काम आहे? पाणी आणायचं असेल तर पाणी आणा, चवळी निवडायची असेल तर चवळी निवडा.

तसंच काही दिवस असे असतात की ते घरात साजरे करताच येत नाहीत. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पंधरा ऑगस्ट देशाचा आहे, पण चौदा ऑगस्ट पालघरचा आहे. त्या दिवशी हुतात्मा स्तंभापाशी गर्दीत जाऊन उभं राहायचं असतं. घरशाळेतल्या मुलांनी तर आवर्जून. आपण फक्त आपल्या आईबापांचे नाही, या गावाचेही आहोत, हे त्यांना सांगायला आता वर्गशिक्षक नाहीत.

आणि शेवटी एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंच्या वादात कुणीच काढत नाही. जव्हार-मोखाड्याकडची किती तरी कुटुंबं दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही बरोबर जातात. त्यांची शाळा सुटते, कुणी तिला घरशाळा म्हणत नाही. भट्टीवरच्या त्यांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि विधायक संसद या संस्थेने तिथेच त्या मुलांसाठी भोंगा शाळा चालवल्या, त्यांचं नाव त्यावरून पडलं. ही माणसं होळीला जमेल तसं गावाकडे धाव घेतात. पैसा नाही, प्रवास लांबचा, तरी होळीला गाव गाठायचंच. माझ्या नातवंडांची शाळा सुटली ती आईबापांच्या मर्जीने, घरात पुस्तकांची दोन कपाटं असताना. त्या मुलांची सुटते ती पोटासाठी. म्हणून घरशाळेचा अभिमान मिरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तुम्हाला मिळालेला हा मोकळा वेळ ही चैन आहे. ती चैन स्वतःच्या दोन पोरांच्या तक्त्यांवर उधळू नका. होळीला गावी आलेल्या पोरांबरोबर तुमची पोरं लाकडं गोळा करायला गेली, तर या घरशाळेचं काहीतरी सार्थक झालं असं मी म्हणेन.

असो. भांडण पुरे झालं. आता कामाचं बोलते.

वन्सं, गेली तीन वर्षं तुम्ही फराळ विकत आणता. हात दुखतात, करायला कुणी नाही, हे मला माहीत आहे. सासूबाईंचा पितळी सोऱ्या तुमच्याकडेच आहे, तो काढून चिंच लावून घासून ठेवा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी दोघांना डहाणू लोकलने तुमच्याकडे आणून सोडते, चार दिवस राहतील. नातवाला सोऱ्या दाबता येतो, नातीला करंज्या कातता येतात. वाकड्या कातते, पण फुटत नाहीत. तुम्ही नुसतं खुर्चीवर बसून भाजणीचा अंदाज सांगा, तो त्यांच्या आईलाही येत नाही आणि मलाही तुमच्यासारखा येत नाही. त्यांना पाहुण्यांसारखं टीव्हीपुढे बसवू नका. आणि एवढी एक विनंती, आल्या आल्या "कितवीत आहेस?" असं विचारू नका. चकल्या किती करायच्या, तेवढं विचारा.